भारतीय रॉकेटांचे पार्ट खेळात नीट चालत नाहीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात 2023 च्या गणपतीला चांद्रयान-3 ची आरास होती. चांद्रयान नेणारं एलव्हीएम3 रॉकेट पुठ्ठ्याचं केलं, मापाला एकास पंचवीस. खऱ्या 43.5 मीटरचे 174 सेंटीमीटर झाले, 4 मीटर व्यासाचे 16 आणि बाजूच्या बूस्टरच्या 3.2 मीटरचे 12.8. विसर्जनानंतर पुठ्ठा माळ्यावर गेला, पण मापांची वही बाहेरच राहिली. त्या वहीतून कर्बल स्पेस प्रोग्रॅम या रॉकेट बांधून उडवायच्या संगणक खेळासाठी पीएसएलव्ही, जीएसएलव्ही आणि एलव्हीएम3 च्या पार्टांचा हा संच झाला. खेळाची आवृत्ती 1.12.5 धरली आहे, आणि सोबत रिअल सोलर सिस्टिम, रिअ‍ॅलिझम ओव्हरहॉल व रिअल फ्युएल्स हे मॉड (खेळाला खऱ्या जगाची मापं आणि इंधनं देणाऱ्या जोडण्या) हवेत. यातला एखादा नसेल तर खालची बरीच उत्तरं तुम्हाला लागू पडणार नाहीत.

संच टाकल्यापासून खेळ लोड होताना मध्येच थांबतो. कुठे बघू?

आधी फोल्डर बघा. झिप उघडताना पुष्कळांचं गेमडेटाच्या आत आणखी एक गेमडेटा होतं. मग पार्ट सापडतात, पण त्यांची मॉडेलं सापडत नाहीत, कारण फाइलमधला पत्ता चुकलेला असतो.

फोल्डर ठीक असेल तर खेळाच्या मुख्य फोल्डरमधली केएसपी डॉट लॉग ही फाइल उघडा आणि थेट शेवटाकडे जा. ज्या पार्टच्या नावावर ती थांबली असेल तोच बहुतेक दोषी असतो. कारणही बहुतेक वेळा एखादा न मिटलेला महिरपी कंस असतं.

पार्ट दिसतो पण त्यावर रिअल फ्युएल्सचे आकडे चढलेले नाहीत, असं असेल तर मॉड्यूल मॅनेजर, म्हणजे पार्टच्या फाइलींवर पॅच (बदलाच्या ओळी) चढवणारा मॉड, त्याची कॉन्फिगकॅश फाइल उघडा. सगळे पॅच लागून झाल्यावर पार्टची जी अंतिम नोंद होते ती तिथे मिळते. पॅचमध्ये काय लिहिलंय याच्यावर वाद घालण्यापेक्षा शेवटी काय लागलं ते बघितलेलं बरं. पॅचमध्ये पार्टचं नाव मूळ फाइलीत असेल तसंच, खालच्या रेघेसकट लिहा. यानाच्या फाइलीत त्याच रेघेच्या जागी टिंब दिसतं. ते टिंबाचं नाव उचलून पॅचमध्ये घातलं तर पॅच लागत नाही.

मी स्वतः बनवलेला पीएसएलव्हीचा पहिला टप्पा तुमच्या दुसऱ्या टप्प्यापेक्षा जाड दिसतो. मॉडेल तर 2.8 मीटरचंच आहे.

खेळात मोजून बघा, 3.5 मीटर भरेल. पार्टच्या फाइलीत रिस्केलफॅक्टर लिहिला नाही तर खेळ तो 1.25 धरतो, आणि 2.8 गुणिले 1.25 म्हणजे 3.5. रिस्केलफॅक्टर 1 अशी ओळ घाला. हे फक्त दिसण्यापुरतं नाही. तिन्ही दिशांनी सव्वापट झालेल्या टाकीचं घनफळ जवळजवळ दुप्पट होतं. चित्र बघून इंधन भरणारा माणूस इथे हमखास फसतो.

मॉडेलच्या खंडातही स्केल म्हणून वेगळी ओळ असते. तिने फक्त मॉडेल ताणलं जातं, जोडणीचे नोड जागेवरच राहतात. दोन टप्प्यांमध्ये फट दिसते किंवा एक टप्पा दुसऱ्यात घुसतो, अशा तक्रारी बहुतेक याच्याच असतात. रिस्केलफॅक्टर मात्र नोडही सोबत नेतो. म्हणून माप नक्की करायची जागा एकच ठेवा. आम्ही ब्लेंडरमध्येच खऱ्या मीटरात मॉडेल बनवतो आणि दोन्ही ओळींत 1 लिहितो.

इंजिन पेटलं की रॉकेट खाली दाबलं जातं, नाहीतर आडवं सरकतं.

थ्रस्ट ट्रान्सफॉर्म, म्हणजे जोराची दिशा ठरवणारी मॉडेलमधली खूण, चुकीच्या दिशेला वळलेला आहे. युनिटीतला (खेळ ज्या प्रणालीवर बनलाय तिच्यातला) त्याचा निळा अक्ष झोत जिकडे जायला हवा तिकडे, म्हणजे खाली, असायला हवा. ब्लेंडर आणि युनिटीच्या अक्षांत फरक आहे, त्यामुळे निर्यात करताना हे बिघडतं. ज्वाळा बरोबर दिसते म्हणून जोरही बरोबर असेल असं समजू नका, ज्वाळेचा ट्रान्सफॉर्म वेगळा असू शकतो.

एलव्हीएम3 च्या सी25 या वरच्या क्रायोजेनिक टप्प्यात इंधनाचं प्रमाण पुस्तकातलंच टाकलं, तरी टप्पा भयंकर जड झालाय. का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. पहिल्या आवृत्तीत हीच चूक माझ्या हातून झाली होती, म्हणून नीट सांगतो.

त्याच्या सीई-20 इंजिनात हायड्रोजनच्या एका किलोमागे ऑक्सिजन सुमारे 5.05 किलो जातो. हे प्रमाण वजनाचं आहे. रिअल फ्युएल्समध्ये एक एकक म्हणजे एक लीटर, आणि इंजिनाच्या प्रोपेलंट खंडातलं प्रमाण घनफळाचं असतं. द्रव हायड्रोजन विलक्षण हलका, घनमीटरला जेमतेम 71 किलो. द्रव ऑक्सिजन घनमीटरला 1,141 किलो. म्हणजे एक किलो हायड्रोजनला 14.1 लीटर जागा लागते, तर 5.05 किलो ऑक्सिजनला फक्त 4.43 लीटर. बेरीज केली की हायड्रोजन 76 टक्के आणि ऑक्सिजन 24 टक्के. फाइलीत 0.76 आणि 0.24 लिहायचं.

मी लिहिलं होतं 0.165 आणि 0.835, म्हणजे वजनाचे भाग. टाकीची जागा बरोबर होती, सुमारे 86 घनमीटर. त्या जागेत खेळाने 82 टनांच्या आसपास ऑक्सिजन आणि एक टन हायड्रोजन भरला. 28 टन इंधनाचा टप्पा 83 टनांचा झाला. रॉकेट कक्षेत पोचतच नव्हतं, आणि दोन दिवस मी दोष बाजूच्या एस200 बूस्टरमध्ये शोधत होतो.

विकास या द्रव इंधनाच्या इंजिनालाही हाच नियम आहे, पण तिथे यूएच25 हे इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड दोन्ही चांगले दाट असल्याने चूक इतकी ठळक दिसत नाही. म्हणून तिथे जास्त सावध राहा.

टाकीत इंधन किती मावतं ते कसं काढायचं? नळकांड्याचं घनफळ पुरत नाही का?

पुरत नाही, कारण टाकीची टोकं सपाट नसतात. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत माझे काका फॅब्रिकेशनच्या कामात आहेत. एका रविवारी त्यांनी मला वर्कशॉपमध्ये जमिनीवर पालथा ठेवलेला डिशएंड, म्हणजे टाकीचं फुगीर टोक, दाखवला. मोठी परात उलटी ठेवावी तसा आकार, कडेला वेल्डिंगसाठी घासलेली चकचकीत पट्टी. काकांनी खडूने त्यावरच हिशेब मांडला. लंबवर्तुळाकार डिशएंडची खोली व्यासाच्या चौथ्या भागाइतकी. चार मीटर व्यास असेल तर खोली एक मीटर, आणि त्यात मावतं 8.4 घनमीटर. तेवढ्याच खोलीचं सपाट नळकांडं असतं तर 12.6 मावलं असतं.

म्हणजे एका टोकाला सव्वाचार घनमीटरांचा फरक. हायड्रोजनच्या टाकीत तो 300 किलोंचा, ऑक्सिजनच्या टाकीत पावणेपाच टनांचा. तेव्हापासून आमच्या प्रत्येक टाकीच्या मॉडेलमध्ये आतले डिशएंडही काढलेले असतात. खेळात ते कुणाला दिसत नाहीत, घनफळ मात्र त्यांच्यावरूनच घेतो.

पार्टचे आकडे खरे आहेत हे ओळखायची काही सोपी पद्धत?

जळण्याचा वेळ. जोर, विशिष्ट आवेग (इंजिन इंधन किती काटकसरीने वापरतं त्याचं सेकंदांतलं माप) आणि इंधन हे तीन आकडे एकमेकांना बांधलेले असतात. जोराला विशिष्ट आवेग आणि 9.81 च्या गुणाकाराने भागलं की दर सेकंदाला किती किलो जळतं ते मिळतं. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात जोर 799 किलोन्यूटन आणि आवेग 293 सेकंद, म्हणजे सेकंदाला 278 किलो. इंधन 42 टन, तर वेळ सुमारे 150 सेकंद. खरा टप्पाही साधारण तेवढाच जळतो. हिशेब जुळला, पार्ट घ्या.

आता हाच हिशेब पहिल्या टप्प्याला लावा. त्यातल्या एस139 या घन इंधनाच्या मोटरचा कमाल जोर 4,847 किलोन्यूटन, निर्वातातला आवेग 269, इंधन 138 टन. उत्तर येतं 75 सेकंद. खरा टप्पा शंभराहून जास्त सेकंद जळतो. आकडे खोटे नाहीत. कमाल जोर थोडाच वेळ मिळतो, सरासरी त्याहून बरीच कमी असते. घन इंधनाच्या आतल्या पोकळीचा आकार जळताना बदलत जातो, आणि जळणारा पृष्ठभाग जसा वाढतो-घटतो तसा जोरही वाढतो-घटतो. म्हणून घन टप्प्याला थ्रस्ट कर्व्ह, म्हणजे जोर कसा बदलतो त्याचा आलेख, द्यावाच लागतो. कर्व्हमध्ये 1 म्हणजे भरलेला टप्पा आणि 0 म्हणजे रिकामा. पुष्कळजण 0 म्हणजे सुरुवात समजून उलटा लिहितात. मग टप्पा सुरुवातीला मरगळलेला आणि शेवटी भडकलेला, यान एव्हाना हलकं झालेलं, आणि उपग्रहाला नको इतका हिसका.

कर्व्ह न देता कमाल जोर कमी करून वेळ जुळवता येतो. पण मग उड्डाणाचे पहिले सेकंद खऱ्यासारखे राहत नाहीत, आणि हे सगळं आपण त्यासाठीच करतोय.

एलव्हीएम3 चे मधले दोन विकास पेटतच नाहीत.

कधी पेटवताय? जमिनीवर दोन्ही एस200 एकटेच रॉकेट उचलतात. विकासांचा मधला टप्पा, एल110, हवेत पेटतो, उड्डाणानंतर 110 सेकंदांच्या आसपास, आणि तेव्हा एस200 अजून जळत असतात. ते पंधरा-वीस सेकंदांनी सुटतात. हा क्रम मोडून आधी बूस्टर सोडले आणि मग विकास पेटवले, की मधल्या क्षणी यान मोकळं पडतं.

रिक्षात मांडीवर दुधाची कॅन घेऊन बसलात की रिक्षा सुटताना दूध मागच्या बाजूला चढतं. रॉकेट जोराने जात असतं तोवर द्रव असाच टाकीच्या तळाशी, नळीच्या तोंडाशी दाबलेला असतो. जोर संपला की तो टाकीभर तरंगतो, नळीत वायूचा बुडबुडा शिरतो आणि इंजिन पेटत नाही. रिअल फ्युएल्स हे मोजतं. इंजिनावर उजवं क्लिक केलं की इंधन स्थिर आहे की नाही ते लिहिलेलं दिसतं. तिथे स्थिर दिसत नसेल तर पेटवू नका, कारण फसलेला प्रयत्नही पेटवण्याच्या मोजक्या संधींतून वजा होतो.

स्टेजिंगमध्ये (पेटण्या-सुटण्याच्या क्रमात) विकास बूस्टरच्या डीकपलरच्या (टप्पा सोडणाऱ्या पार्टच्या) आधी ठेवा. एवढंच पुरतं. वरच्या टप्प्यांसाठी आरसीएसने (दिशा सावरणाऱ्या छोट्या थ्रस्टरांनी) पुढे हलका जोर देऊन इंधन खाली बसवा, मग पेटवा.

पीएसएलव्हीचा चौथा टप्पा इंधन स्थिर असूनही पेटत नाही.

टाकीचा प्रकार बदला. या टप्प्याच्या दोन छोट्या इंजिनांना पंप नसतो. हेलियमच्या दाबाने इंधन ढकललं जातं, म्हणून टाकी उच्च दाबाची लागते. साधी टाकी निवडली तर खेळ इंजिन चालू देत नाही. उच्च दाबाची टाकी जड असते, ते वजन सोसायचं.

टाकीतल्या दाबाला खऱ्या जगातही किती किंमत आहे ते 12 ऑगस्ट 2021 ला दिसलं. जीएसएलव्ही-एफ10 चा क्रायोजेनिक टप्पा पेटला नाही आणि ईओएस-03 उपग्रह गेला. कारण निघालं ते एका झडपेच्या गळतीचं. हायड्रोजनच्या टाकीतला दाब त्यामुळे पेटण्याच्या वेळी हवा तेवढा राहिला नव्हता. ते उड्डाण मी पहाटे आजोबांच्या शेजारी बसून पाहिलं होतं. टाकीच्या प्रकारावर आम्ही इतका आग्रह का धरतो, याचं उत्तर त्या पहाटेत आहे.

पीएसएलव्ही वीस सेकंदांत कोलांटी मारतं. पहिल्या टप्प्याला गिंबल (झोताचं तोंड, म्हणजे नॉझल, हलवायची सोय) द्यायला विसरलात का?

नाही. एस139 चं नॉझल खरोखरच हलत नाही. नॉझलच्या रुंदावत जाणाऱ्या भागात एका बाजूने स्ट्राँशियम परक्लोरेटचं द्रावण फवारतात. त्या बाजूच्या झोतात धक्कालाट उठते आणि झोत कलतो. स्वतःभोवती फिरणं आवरायला वेगळे छोटे थ्रस्टर असतात. संचात हे सगळं आम्ही नॉझलभोवतीच्या आरसीएससारखं बसवलं आहे आणि द्रावणाच्या दोन टाक्या बाजूला दिल्या आहेत.

म्हणून उड्डाणाआधी आर दाबून आरसीएस चालू करा, आणि त्या टाक्या भरलेल्या आहेत का ते बघा. पुष्कळजण त्यांना शोभेच्या समजून काढून टाकतात.

तरीही उलटत असेल तर तुम्ही फार लवकर वळताय. फेरम एरोस्पेस हा हवेचा रोध खऱ्यासारखा मोजणारा मॉड बसवलेला असेल तर हवा दाट असताना नाक गतीच्या दिशेपासून दोन-तीन अंशांपेक्षा जास्त हटवू नका.

जीएसएलव्हीचा मधला बूस्टर संपला तरी सुटत नाही. बाजूच्या चौघांना डीकपलरही नाहीत.

खरं रॉकेट तसंच आहे. बाजूचे चार द्रव बूस्टर मधल्या घन टप्प्याच्या काही सेकंद आधी पेटतात आणि तो विझल्यावरही जळत राहतात. तोवर रिकामं कवच सोबत ओढावं लागतं, आणि शेवटी पाचही एकत्र सुटतात. डीकपलर लावायचा मोह होतो हे मान्य, पण मग ते जीएसएलव्ही राहत नाही.

क्रायोजेनिक टप्पा कक्षेत तासभर ठेवला तर हायड्रोजन कमी होतो.

उणे 253 अंशांचा द्रव आहे, तो उकळत राहणारच. बडोद्याजवळच्या कारखान्यांत अशा थंड द्रवांच्या साठवणुकीच्या टाक्या बनतात. त्यांना दुहेरी भिंत असते आणि मधली जागा निर्वात केलेली. रॉकेटला ते वजन परवडत नाही, तिथे फोमच्या थरावर भागवतात. टाकीचा प्रकार क्रायोजेनिक निवडलाय का ते बघा आणि टप्पा लवकर वापरा.

रॉकेट पॅडवरच डुलतं.

जड पार्ट हलक्या पार्टला जोडलेला असला की सांधा लिबलिबतो. बहुधा दोन टप्प्यांमधला हलका इंटरस्टेज त्याचं कारण असतो. आमच्या नोडचे आकार व्यासाप्रमाणे मोठे दिलेले आहेत, तुमचे तपासा. कर्बल जॉइंट रीइन्फोर्समेंट हा मॉड बसवा.

टेक्स्चर उलटं दिसतं.

डीडीएस फाइल साठवताना चित्र उभं उलटवून साठवा.

मॉडेल बदललं, पण हवेचा रोध जुनाच राहिला.

पार्टडेटाबेस फाइल काढून टाका, खेळ पुढच्या वेळी ती नव्याने बनवेल.

तुमचं पीएसएलव्ही ध्रुवीय कक्षेत सांगितलेलं वजन नेत नाही. जोर पाच टक्के वाढवून द्या ना.

नाही देणार. ही मागणी दर महिन्याला येते, आणि आधी मार्ग तपासा असंच दर वेळी सांगतो. इस्रोचा आकडा 600 किलोमीटरच्या सूर्यसमकालिक कक्षेत 1,750 किलो असा आहे. श्रीहरिकोट्याहून सरळ दक्षिणेला जाता येत नाही, वाटेत श्रीलंका आहे. रॉकेट आधी आग्नेयेला जातं आणि मग वळतं, आणि त्या वळणात वेग खर्च होतो. खेळात तुम्ही हे वळण किती उशिरा आणि किती आडवं घेता यावर शंभर-दोनशे किलो सहज जातात.

दुसरं कारण सवयीचं. मूळ खेळातल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या 600 किलोमीटर, तिथे कक्षेत जायला साधारण 3,400 मीटर प्रतिसेकंद पुरतात. पृथ्वीची त्रिज्या 6,371, इथे 9,400 च्या आसपास लागतात. मूळ खेळातल्यासारखं दहा किलोमीटरवर 45 अंश वळून बसलात तर इथे हिशेब बसत नाही. तिसऱ्या टप्प्यानंतर थोडं मोकळं उडू द्या, मग चौथा पेटवा. त्याचा जोर जेमतेम 15 किलोन्यूटन आहे, तो घाईने काही करू शकत नाही.

एवढं करूनही दोनशे किलोंहून जास्त फरक राहिला तर दोष आमच्या आकड्यांत असू शकतो. तेव्हा नक्की कळवा.

चूक कळवताना काय काय पाठवू?

केएसपी डॉट लॉग, कॉन्फिगकॅश, यानाची फाइल आणि बसवलेल्या मॉडची सीकॅनमधून (मॉड बसवायच्या साधनातून) काढलेली यादी. पडद्याचा फोटो नंतर पाठवलात तरी चालेल. आकडा चुकीचा वाटत असेल तर जोर, आवेग, इंधन आणि त्यातून निघणारा जळण्याचा वेळ, असे चारही एका ओळीत लिहा. आम्ही शनिवारी रात्री बसतो, त्यामुळे उत्तर रविवारी मिळतं. गणपतीचे दहा दिवस काम बंद असतं.